संशयाचे दफ्तर

सर्वोच्च न्यायालयाची दोन निकालपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पहिले 30 एप्रिल 2009 चे, दुसरे 5 मार्च 2019 चे. खटला एकच, आरोपी तेच सहा जण, साक्षीदार तेच, पंचनामेही तेच. पहिल्या निकालाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. दुसऱ्याने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. दुसरा निकाल ज्या कागदावर मुख्यतः उभा आहे, तो कागद 2003 सालचा आहे. तो पहिल्या निकालाच्या वेळीही होता.

आरोपींची आणि पीडित कुटुंबाची नावे निकालपत्रांत आहेत. इथे ती मुद्दाम घेतलेली नाहीत.

5 जून 2003 च्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. आत एक कुटुंब होते आणि त्यांच्याकडे आलेला एक पाहुणा. आलेल्या माणसांनी पैसे मागितले. घरातल्या मुलाने जवळचे तीन हजार रुपये काढून दिले, अंगावरचे दागिने गेले, तरी ते थांबले नाहीत. पाच जण मारले गेले. आई आणि पंधरा वर्षांची मुलगी यांच्यावर बलात्कार झाला. मुलगी वाचली नाही. आई आणि एक मुलगा वाचले. पुढच्या सोळा वर्षांत या खटल्यात जे काही घडले, ते या दोघांच्या सांगण्यावर घडले.

दोन दिवसांनी, 7 जूनला, त्या आईला पोलिसांकडचे सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवण्यात आले. तिने त्यांतून चार माणसे ओळखली. हे ओळखणे दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदले गेले. घटनेनंतरची ही पहिली ओळख होती. चेहरे डोळ्यांसमोर ताजे होते, आणि अजून कोणाला अटक झालेली नव्हती.

त्या चौघांवर खटला चालला नाही. काही आठवड्यांनी वेगळ्याच सहा जणांना अटक झाली, त्यांची ओळख परेड झाली, तीत साक्षीदारांनी त्यांना ओळखले आणि दोषारोपपत्र त्यांच्यावर गेले. आधीच्या चौघांचा तपास कुठवर गेला, तो का थांबला, याचे समाधानकारक उत्तर सरकार पक्षाला 2019 मध्येही देता आले नाही. एका साक्षीदाराने दोन वेळा, दोन निरनिराळ्या गटांना ओळखले असेल तर न्यायालयापुढे दोन्ही गोष्टी यायला हव्यात, हे कायद्याचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. इथे दुसरीवर खटला उभा राहिला आणि पहिली फाइलमध्ये पडून राहिली.

जून 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 22 मार्च 2007 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले. शिक्षा कमी झाली म्हणून राज्य सरकारही गेले. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य करून पुन्हा सहाही फाशी कायम केल्या. तीन न्यायालये आणि तीन निकाल झाले, पण 7 जूनचा तो जबाब कुठेही निर्णायक ठरला नाही.

2019 च्या निकालपत्रात एक निरीक्षण आहे. आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या तळच्या थरातले, अतिशय गरीब मजूर आहेत. गंभीर गुन्ह्यांत कधी कधी निरपराध माणसे गोवली जातात, हे सर्रास घडते. त्यामुळे यांना खोटेपणाने गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांचे हे पीठ होते. अमुक पोलिसाने जात पाहून अटक केली, असे न्यायालय म्हणत नाही. तसा कागदही नाही. आरोपी कोण आहेत हे लक्षात घेतल्याशिवाय या पुराव्याचे वजन ठरवता येणार नाही, एवढे ते म्हणते. भटक्या जमातीचा मजूर असणे आणि दरोड्याच्या गुन्ह्यात संशयित होणे यांचा संबंध न्यायाधीशांनाही ओळखीचा वाटावा, इतका जुना तो आहे. त्याची सुरुवात कोणत्या दिवशी झाली हे नेमके सांगता येते, कारण तो कायदा करून घडवला गेला.

12 ऑक्टोबर 1871 रोजी व्हाइसरॉयने 1871 च्या सत्ताविसाव्या कायद्याला, म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याला, मान्यता दिली. विधेयकाच्या बाजूने केलेला युक्तिवाद कौन्सिलच्या कामकाजात नोंदलेला आहे. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसेच पिढीजात गुन्हेगारही असले पाहिजेत, आणि जात नष्ट होईपर्यंत त्यांची संतती गुन्हाच करत राहणार, असा तो होता. त्या वेळचे कायदे सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे गुन्हेगारी कायद्याचे इंग्लंडमध्येही नावाजलेले पंडित. इंग्लंडमध्ये त्यांनी हा युक्तिवाद एखाद्या परगण्यातल्या सगळ्या माणसांना लावला असता, तर तो ऐकूनही घेतला गेला नसता. इथे त्याचा कायदा झाला.

कायद्याची कलमे आजही शांतपणे वाचावीत अशी आहेत. प्रांतिक सरकारला एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या सवयीचा आहे असे मानायला कारण दिसले, की त्याने गव्हर्नर जनरलकडे तसा अहवाल धाडायचा. परवानगी आली की राजपत्रात अधिसूचना निघणार. ती अधिसूचना हाच त्या जमातीला कायदा लागू असल्याचा निर्णायक पुरावा, आणि तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही. मग जिल्हा दंडाधिकारी जमातीची नोंदवही करणार. ज्याचे नाव वहीत चढले त्याने ठरलेल्या हद्दीबाहेर पासाशिवाय जायचे नाही. गेला तर तोच गुन्हा. वहीत नाव चढण्यासाठी काही केलेले असावे लागत नव्हते, त्या जमातीत जन्म पुरे होता. खुनाच्या आरोपीला वकील देता येई, साक्षी तपासता येत, अपील करता येई. जमातीवर ठेवलेल्या आरोपाला मात्र न्यायालयाचा दरवाजाच नव्हता.

त्याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांसाठी होता. त्यांचीही नोंदवही, त्यांच्या मालमत्तेचीही यादी. बायकांचा वेश करून सार्वजनिक जागी दिसणे वा नाचणे यालाही शिक्षा. फिरत्या जमाती आणि तृतीयपंथी यांच्यात काय साम्य, असे आज वाटेल. सरकारच्या लेखी साम्य होते. एकाला ठरलेले गाव नव्हते, दुसऱ्याला ठरलेले घर नव्हते. ज्यांचा पत्ता लिहिता येत नाही अशी माणसे त्या राज्यकारभाराला सहन होत नव्हती. एप्रिल 2014 मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला या जुन्या कायद्याची आठवण करावी लागली, ती याच कारणाने.

बैलांवर मीठ लादून तांड्याने हिंडणारे, जाती-पाटे टाकवून देणारे, दगड फोडणारे, शिकारीवर जगणारे, दोरीवर कसरत करणारे असे हे लोक. रेल्वे आली, मिठावर कर बसला, जंगलावर सरकारी हद्द आली. आधी यांचे धंदे मोडले आणि नंतर यांचे फिरणे संशयास्पद ठरले. प्रत्येक जमातीत कोणीच चोरी केली नाही असा दावा करण्याची गरज नाही. उपाशी माणसे चोरी करतात आणि काही टोळ्या दरोडेही घालत. वाद एवढाच की, त्या टोळीतल्या माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या नातवाचे नाव वहीत का चढावे.

आरंभी कायदा उत्तरेकडचा होता. वायव्य प्रांत, अवध, पंजाब. मुंबई इलाख्याला तो 1911 च्या नव्या कायद्याने लागला. मधल्या काळात, 1897 साली, एक दुरुस्ती झाली होती: चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवता येईल. चार वर्षांचे मूल! त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे दफ्तर उघडले. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. एका माणसाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही, ही या विद्येची सगळी ताकद. 1911 च्या कायद्याने हे ठसे जमातीच्या नोंदवहीत आणले. प्रत्येक माणूस वेगळा आहे हे सिद्ध करणारे साधन हाती आले आणि वापरले गेले ते सगळी माणसे एकाच यादीत बसवण्यासाठी. मला या सगळ्या इतिहासातला हा तपशील फार अस्वस्थ करतो.

1924 साली कायदा पुन्हा एकत्र करून मांडला गेला. त्यातली दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक असे की अधिसूचित जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या वाण्याला किंवा कुणब्याला ही शिक्षा नव्हती. दुसरे असे की, नोंदलेला माणूस चोरीच्या तयारीत असावा असे न्यायालयाला पटण्याजोग्या परिस्थितीत सापडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. प्रत्यक्ष चोरी झालेली असण्याची गरज नाही. रात्री रस्त्याच्या कडेला दोन माणसे थांबली, एक वहीतला आणि एक वहीबाहेरचा, तर पहिल्याने गुन्हा केला आणि दुसऱ्याने विश्रांती घेतली.

मुंबई इलाख्यात या कायद्याचे रूप म्हणजे सेटलमेंट. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. या खात्याचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे नाव मुंबई सरकारच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येते. खात्याचे वार्षिक अहवाल शिस्तीत लिहिलेले असत. वस्तीत माणसे किती, कामावर किती, शाळेत मुले किती, पळून गेलेली किती. सोलापूर हे गिरण्यांचे गाव, गिरण्यांना मजूर हवे होते, आणि कुंपणाआड हजेरी लागलेले मजूर तयार होते. स्टार्ट यांना माणसे सुधारतील असा विश्वास होता हे मान्य करायला हवे. त्यांनी शाळा काढल्या, धंदे शिकवले, नंतर सुटे राहण्याची परवानगी मिळण्याच्या पायऱ्याही ठेवल्या. 1928 साली मुंबई सरकारने दलित वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. आंबेडकर व ठक्कर बाप्पा तिचे सदस्य. म्हणजे हा माणूस निर्दय नव्हता. पण सुधारणा हवी तर आधी आत या, असा तो सौदा होता, आणि आत यायचे की नाही हे विचारले जात नव्हते. सोलापुरात त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

गावात राहू दिलेल्यांची गोष्ट निराळी होती. त्यांना हजेरी होती. ठरल्या वेळी पोलीस पाटलाकडे वा चौकीवर जाऊन आपण इथेच आहोत हे दाखवायचे, मुक्काम बदलायचा तर आधी कळवायचे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 साली आले, तेव्हा मराठी वाचकाला या माणसांचे जगणे त्यांच्याच तोंडून कळले. सरकारी अहवालांत एक रकाना असलेली माणसे तिथे पहिल्यांदा पोट, आई, शाळा, मार यांच्यासकट आली. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही वाचावे लागतात. नुसते अहवाल वाचले तर कुंपण बाहेरूनच दिसते.

काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, 1937 नंतर, कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने या कायद्याची चौकशी केली. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांची समिती सप्टेंबर 1949 मध्ये नेमली गेली, 1950 मध्ये तिचा अहवाल आला, आणि 31 ऑगस्ट 1952 पासून देशभर कायदा रद्द झाला. त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, आम्ही 31 ऑगस्टला, असे या समाजांतले कार्यकर्ते म्हणतात, ते कागदोपत्री खरे आहे. पाच वर्षे आणि सोळा दिवस.

पण रद्द करतानाच पर्याय तयार होता. मुंबई राज्याने 1947 मध्येच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. 1959 मध्ये त्याच्या जागी मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. इतर राज्यांतही असेच कायदे झाले. न्यायाने सांगायचे तर फरक मोठा आहे. नव्या कायद्यात जमात नाही. ठरावीक काळात तीन वेळा कैदेची शिक्षा झालेला कोणीही, कोणत्याही जातीचा, सराईत ठरू शकतो. जन्मावर उभी असलेली वही कृत्यावर आणली, हे कायद्याच्या दृष्टीने योग्यच झाले.

अडचण वहीत कोण आधीच बसलेला होता याची होती. 1952 च्या 30 ऑगस्टला जो हवालदार एका वस्तीवर नजर ठेवत होता, तोच 1 सप्टेंबरलाही त्याच ठाण्यात होता. चोरी झाली की पहिली धाड त्याच पालांवर. उचललेल्यांपैकी काहींवर खटला होणार, वकील नसलेल्या काहींना शिक्षा होणार, आणि शिक्षा झालेले रेकॉर्डवर येणार. पुढच्या चोरीच्या वेळी पोलीस रेकॉर्डवरच्याच माणसाकडे जाणार, आणि त्यात त्यांना स्वतःला काही गैर वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या हातात तर पुरावा आहे. तीन शिक्षांची अट जातीबद्दल काही म्हणत नाही, पण तीन शिक्षांपर्यंत पोचण्याची वाट सगळ्यांना सारखी लांब नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 साली हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने दहा वर्षांनी या समाजांची दुःस्थिती पुन्हा सरकारपुढे मांडली. दोघेही महाराष्ट्रातले. या प्रश्नावर महाराष्ट्राने माणसे दिली, आणि महाराष्ट्राच्याच दफ्तरात नाशिकचा खटलाही आहे.

आता पुन्हा 30 एप्रिल 2009. फाशीची शिक्षा देताना काय पाहायचे हे बचनसिंग खटल्यात घटनापीठाने 1980 मध्ये ठरवून दिले होते. गुन्हा पाहायचा आणि गुन्हेगारही पाहायचा. त्याचे वय, त्याची परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. 1996 मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे. 2009 च्या आपल्या निकालाने रावजीचा आधार घेतला. घटना अमानुष होती यात शंका नाही. ती वाचताना हात थरथरतो. पण त्यामुळे समोर उभे असलेले सहा जण कोण आहेत, किती वर्षांचे आहेत, कसे जगत आले, हा विचार बाजूला राहिला. त्यांच्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. भारतात अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली होती.

या खटल्यात हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणसाची ओळख दोन जागी कामाला येऊ शकते. संशय घेताना ती मध्ये येऊ नये, शिक्षा ठरवताना तिचा विचार झाला पाहिजे, असे कायदा सांगतो. 2019 च्या निकालाने ज्या शक्यतेवर बोट ठेवले ती खरी मानली, तर इथे दोन्ही उलटे झाले. झोपडी, पाल, फिरणे, गरिबी हे सगळे अटकेच्या वेळी ठळक दिसले आणि दयेचा प्रश्न आला तेव्हा कोणाला दिसेना.

निकालानंतर तेराच दिवसांनी, 13 मे 2009 रोजी, महाराष्ट्रातल्याच संतोषकुमार बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितले की रावजीचा निकाल घटनापीठाचा दंडक डावलून दिला गेला होता, म्हणून तो बंधनकारक नाही. तेरा दिवस आधी त्याच आधारावर सहा जणांची फाशी कायम झाली होती. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांना लिहिले की चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा बदलावी. त्या तेरांत हे सहा होते. निवृत्त न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाच्या चुकीबद्दल असे पत्र लिहिणे ही आपल्याकडे अगदी दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिचे मोल त्या वेळी पुरेसे ओळखले गेले नाही.

दार उघडले ते आणखी एका खटल्याने. सप्टेंबर 2014 मध्ये मोहम्मद आरिफ खटल्यात घटनापीठाने ठरवले की फाशीच्या प्रकरणांत पुनर्विचार अर्जाची सुनावणी खुल्या न्यायालयात झाली पाहिजे. तोवर असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनात कागद फिरवून निकाली निघत. त्या नियमाने नाशिकच्या प्रकरणाचा पुनर्विचार पुन्हा उघडला, 31 ऑक्टोबर 2018 रोजी 2009 चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिले नव्याने ऐकली गेली. तेव्हा कुठे 7 जून 2003 चा जबाब न्यायालयाने त्याला द्यायचे तेवढे वजन देऊन वाचला. ओळखलेले चार सोडून दिले गेले. मग नंतरच्या ओळख परेडवर किती विसंबायचे? पीठाने सांगितले की तपास प्रामाणिक झाला नाही, चौकशी निष्पक्ष झाली नाही, संशयाचा फायदा आरोपींचा आहे.

निकालात तुरुंगाबद्दलही लिहिले आहे. आरोपी वर्षानुवर्षे मृत्यूच्या भीतीखाली राहिले. एकांतात, माणसांशी अगदी थोडा संपर्क, घरच्यांची भेट क्वचित. काहींच्या मनावर परिणाम झाला. बाहेर बायकामुले मजुरीवर जगत होती आणि फाशी झालेल्याचे घर म्हणून ओळखली जात होती. पाच लाखांचा हिशेब लावायचा तर तो सोळा वर्षांशी लावावा लागेल.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 74 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आणि 76 टक्के मागास वर्गांतले वा धार्मिक अल्पसंख्य होते. नाशिकचे प्रकरण अपवाद मानून बाजूला ठेवण्याआधी हे आकडे पाहावेत.

आणि त्या आईचे काय? तीही शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कष्टकरी घरातली. तिने दोन दिवसांत चार चेहरे दाखवले होते. ते ऐकून घेतले असते तर कदाचित तिला न्याय मिळाला असता, कदाचित ते चौघे निरपराध निघाले असते. दोन्हींसाठी तपास लागतो. त्याऐवजी तिला पुन्हा दुसऱ्या रांगेसमोर उभे केले गेले, साक्ष द्यायला लावले गेले आणि सोळा वर्षांनी तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही असे न्यायालयाला म्हणावे लागले. निरपराधांना आत ठेवणारी व्यवस्था पीडितांच्या बाजूची असते, हा समज या खटल्याने तरी पुसला जावा. न्यायालयाने राज्याच्या गृहखात्याला दोन गोष्टी सांगितल्या. दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करावी, आणि आईने ओळखलेल्या चौघांबाबत पुढील तपास करावा. पहिली गोष्ट तीन महिन्यांत करायची होती.

पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांत जातीवर कामे वाटली जातात हे लिहिले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी तिचा निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमे घटनाबाह्य ठरवली. सफाईचे काम अमुक जातीला, स्वयंपाक तमुक जातीला; भटक्या वा गुन्हेगार जमातीचा माणूस पळून जाण्याच्या प्रवृत्तीचा असतो म्हणून त्याला बाहेरची कामे नकोत, असे नियम तोवर छापील होते. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली होती. कच्च्या आणि शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा, असे त्या निकालाने फर्मावले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असेही सांगितले. नियमावल्या बदलायला राज्यांना तीन महिने दिले होते. सराईत गुन्हेगारांचे राज्यांचे कायदे त्या निकालाने रद्द केले नाहीत. तुरुंगाच्या नियमांत सराईत म्हणजे कोण, ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यानुसारच ठरावे, एवढे म्हटले.